हळदीखालचं इंजिन

बा, आज सकाळी भावाच्या पोरानं दारात गाडी उभी करून तिचं इंजिन धुतलं. धुतलं म्हणजे काय, बॉनेट उघडलं आणि पाण्याचा पाइप सरळ आत सोडला, म्हशीवर सोडतात तसा. मग गाडी चालू होईना. दोन लेकरांचा बाप झालेला माणूस, तोंड पाडून ओट्यावर बसला. मी म्हटलं, "बाबू, आधी झाकायचं असते, मंग धुवायचं असते." तर मला म्हणतो, "आत्या, तुले काय समजते गाडीतलं?" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्या तोंडून. तेव्हाही मी तोंडानं उत्तर दिलं नव्हतं, हातानं दिलं होतं. आजही तेच केलं. जिथं जिथं पाणी साचलं होतं तिथं कोरडं फडकं लावायला लावलं, बॉनेट उघडं टाकून गाडी दोन तास उन्हात ठेवली, आणि मग म्हटलं, आता कर चालू. झाली. त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं.

तो गेल्यावर वही काढून बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तूच नाहीस, म्हणजे या पत्राचा कुणाला उपयोग नाही हे मला समजते. पण माझ्या डोक्यात तुझ्याशी चाललेलं भांडण काही संपत नाही. साठ वर्षं झाली, मी अजून तुला समजावूनच राह्यले. लिहायला लागले की डॉक्टरीणबाईंची दवाखान्यातली भाषा येते, राग आला की तुझी येते. दोन्ही येतील, चालवून घे.

तू डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर होतास. पुसदात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याएवढ्या, त्यात ही एक, काळी, विलायती, कुणाकुणाच्या हातून फिरून बाईंकडे आलेली. बाई बाळंतपणाच्या डॉक्टर. नवरा वारल्यावर नागपूरकडून एकट्या आल्या आणि इथं दवाखाना टाकला. दवाखान्यामागच्या दोन खोल्या त्यांनी आपल्याला दिल्या होत्या. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. नवऱ्यानं दुसरी केली, मला तांड्यावर आणून सोडलं आणि मागं वळूनही पाहिलं नाही. जन्म देणारी याडी तर मी लहान असतानाच गेली होती. तांड्यावर बाया तोंडाला पदर लावून कुजबुजायला लागल्या तेव्हा तू एका सकाळी आलास, म्हणालास, "चाल, उचल गाठोडं," आणि मला पुसदला घेऊन आलास. काय झालं, कसं झालं, एका शब्दानं विचारलं नाहीस. तो उपकार मी विसरले नाही, विसरणार नाही. पण उपकार केला म्हणून माणसानं जन्मभर मान खाली घालून बसावं असं कुठं लिहिलंय?

दवाखान्यात मी कात्र्या-चिमटे उकळायचे, पट्ट्या गुंडाळायचे, बाळंतिणींचे कपडे धुवायचे. बाटल्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून बाईंनी मला अक्षरं शिकवली. आणि स्वच्छता. बाईंची स्वच्छता म्हणजे जुलूम होता नुसता. जखम धुताना आधी आजूबाजूचं झाकायचं, मग चांगल्या भागाकडून घाणेरड्या भागाकडं यायचं, उलटं जायचं नाही, आणि एकदा वापरलेलं फडकं पुन्हा लावायचं नाही. चुकलं की हातातला बोळा काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा पहिल्यापासून." त्या शिकवणीचा पुढं काय उपयोग झाला तो तुला माहीतच आहे.

आता तुझी गोष्ट. आपल्या आज्याची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून तो मुलूखभर हिंडायचा, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की त्या बैलांची नावं मला पाठ झाली होती. बैल गेले, रस्ते झाले, मोटारी आल्या. तू गाडीचं चाक हातात धरलंस खरं, पण मनातून तू बैलच हाकत होतास. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, गावात सगळे आपापल्या बैलांचे खांदे शेकत असताना, तू दवाखान्याच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडायचास. वाटीत कढवलेलं तूप, त्यात हळद, आणि हातात पळसाच्या पानांचा पुंजका. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं ते हळद-तूप तू इंजिनाच्या डोक्याला चोळायचास आणि हळूच म्हणायचास, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी खरंच पुरणपोळी आणून इंजिनावर ठेवायचास. बाई खिडकीतून पाहायच्या आणि हसू दाबायच्या. मला हसू यायचं नाही. मला ते आवडायचं. हे मी तुला कधी बोलले नाही, ते आता सांगून टाकते.

पण ते हळद-तूप तू कधी पुसायचा नाहीस. आवतन दिलेलं, ते कसं पुसायचं? वर्षावर वर्षाचा थर चढत गेला. त्यात झिरपलेलं तेल, रस्त्याचा फुफाटा, आणि हिवाळ्यात कापसाचा हंगाम आला की जिनिंगकडून उडून येणारी रुई. आपल्या दवाखान्यापासून जिनिंग हाकेच्या अंतरावर. रुई यायची आणि त्या चिकट थरावर बसायची, बसली की निघायची नाही. इंजिन कुठं संपते आणि मळ कुठं सुरू होतो हे कळत नव्हतं. नवल याचं वाटायचं की तू स्वतः किती निर्मळ माणूस. दात घासायला तुला गोवरीची राख लागायची, तीही वस्त्रगाळ केलेली, खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. माझ्या चुलीतली राख तू घ्यायचा नाहीस. तिच्यात कोळशाचे कण असतात आणि एक कण दाताखाली आला की दिवसभर तोंड वाईट होते, म्हणायचास. वस्त्रगाळ राखेनं दात घासणारा माणूस, आणि त्याचं इंजिन असं.

मी एकदा म्हटलं होतं की बा, हे खरवडून काढू. तू म्हणालास, "मळ हाय म्हून तेल थांबलं हाय. जुनं इंजिन हाय छोरी, त्याचं अंग उघडं करू नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, झाकलेल्या मुठीत इंगळ असला तर? तू हसलास आणि म्हणालास, "तुले काय समजते गाडीतलं."

इंगळच निघाला, बा. मी सांगत होते.

त्या दिवसाचं मला सगळं दिसते. पौष असेल, थंडी आहे, दुपारचं ऊन आहे. उमरखेडच्या वाटेवरच्या एका खेड्यातून आपण परत येतोय. पुढं तुझ्याशेजारी बाई, मागं मी, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून एक अडलेली बाई, दोन दिवसांची अडलेली. बाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या की इथं होणार नाही, दवाखान्यात न्यावं लागते. तिची सासू माझ्या पायाशी बसून देवाचं नाव घेतेय. चढावर इंजिन घरघरतेय आणि मला वास येतो. तुपाचा. होमात तूप जळते तसा. मी म्हणते, "बा, जळून राह्यलं काहीतरी." तू म्हणतोस, "काही नाही, पोळ्याचं तूप हाय, देवाचा वास हाय." मग बॉनेटच्या फटीतून धूर येतो, पांढरा, मग काळा. बाई ओरडतात, "थांबवा." तू गाडी थांबवतोस, बॉनेटची एक बाजू उचलतोस, आणि गरम नळीजवळच्या रुईला लागलेली आग मला मागच्या सीटवरून दिसते. लहानशीच. दिव्याच्या वातीपेक्षा थोडी मोठी. पण पेट्रोलची नळी तिच्यापासून वीतभर अंतरावर आहे, आणि माझ्या मांडीवर बाई आहे जिला उठता येत नाही.

तू गोणपाट टाकलंस, वर दोन्ही हातांनी माती टाकलीस, तुझ्या मनगटाला भाजलं. आग विझली. हे मी नाकारत नाही, तू घाबरला नाहीस आणि वेळेवर केलंस. पाऊण तासानं आपण निघालो, बाई वाचली, तिचं पोरगंही वाचलं. आणि दवाखान्यात पोचल्यावर तू काय म्हणालास? "आवतन दिलतं म्हून राखलं त्यानं." त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की हातातलं भांडं मी आदळलं. आवतन दिलं म्हणूनच तर पेटलं, बा. तूप आणि कापूस. वात करून दिवा लावायला आणखी काय लागते?

बाईंनी तुला सांगितलं की इंजिन साफ करा. तू "हो बाई" म्हणालास आणि बॉनेट बाहेरून लखलखीत पुसलंस. आठ दिवस झाले, आतलं तसंच. मग मीच म्हटलं की तुला होत नसेल तर मी करते. तू जेवत होतास. हातातला घास तू ताटात ठेवलास. तुझा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "बाईनं नांगराले हात लावत नसते," तू म्हणालास. "गाडीचंही तसंच हाय. जिले नवऱ्याचं घर नाही सांभाळता आलं, तिनं इंजिन सांभाळाच्या गोष्टी करू नाही. हात लावशीन तर दुसऱ्या दिवशी तुले सासरी नेऊन सोडीन, सवतीच्या पाया पडून राहा तिथं." एवढं बोलून तू घास उचललास आणि जेवलास. मी पाणी आणून ठेवलं. जगात एकच माणूस होता ज्यानं मला विचारलं नव्हतं की तुझं काय चुकलं. त्यानं ते विचारलं, तेही इंजिनापायी.

त्यानंतर चार दिवसांनी तांड्यावरून भावाचा निरोप आला. त्याला महागावच्या बाजारात बैल घ्यायचा होता, आणि बैल पारखायला तुझ्याशिवाय कोण? बाईंनी दोन दिवसांची सुट्टी दिली, तू गेलास. तू गेलास आणि मी बाईंकडं जाऊन म्हटलं, मला इंजिन धुवायचंय, घासलेट द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बापाला विचारलंस?" मी म्हटलं, विचारलं. खोटं काही नव्हतं, विचारलंच होतं, उत्तर काय आलं ते त्यांनी विचारलं नाही.

आता नीट ऐक मी कसं केलं ते, कारण तू कधी विचारलं नाहीस, आणि मला ते सांगायचंच होतं. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन थंडगार. चूल विझवली. शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं की आज बिडी ओढायची तर नदीवर जा. पान्यानं बॅटरीची तार सोडवली आणि बाजूला बांधून ठेवली. मग झाकलं. ज्या काळ्या डब्यातून प्लगांना तारा जातात त्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून सुतळीनं बांधलं. हे मी तुझ्याकडूनच शिकले होते, पावसाळ्यात नाल्यातून जाताना तू असंच करायचास. इंजिन जिथून हवा ओढते त्या तोंडाला मेणकापड बांधलं. बाळंतिणीच्या खाटेवरचं, बाईंचं. खाली घमेलं ठेवलं. आधी सगळं कोरडं काढलं: रुई बोटांनी उपटली, थर बांबूच्या चोयटीनं खरवडला, लोखंड लागू दिलं नाही. पोतंभर निघालं असेल. आत वर्षावर्षाचे पदर दिसत होते, पिवळा, मग काळा, मग पिवळा. किती पोळे झाले ते मोजता आलं असतं. मी मोजले नाहीत, कारण मोजायला लागले असते तर हात थांबला असता.

मग घासलेट. ओतायचं नाही, ब्रशनं लावायचं, वरून खाली, बाईंच्या शिकवणीप्रमाणं चांगल्याकडून घाणेरड्याकडं. मळ सुटला की फडक्यानं टिपायचा, फडकं काळं झालं की टाकायचं. नंतर धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी, तेही पिळलेल्या फडक्यानं. पाण्याचा तांब्या मी इंजिनाजवळ आणला नाही. बाबूनं हे ऐकायला हवं होतं, तांब्यासुद्धा नाही. घासलेटाची फडकी ढीग करून ठेवली नाहीत, परसात खड्डा करून पुरली. मग बॉनेट उघडं टाकून गाडी उन्हात, सकाळपासून पार ऊन कलेपर्यंत, वास जाईस्तोवर. तेवढा वेळ मी तिच्याजवळ बसून राहिले आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आणि मळाखाली काय सापडलं सांगू? एक तार, उंदरानं कुरतडलेली. तुपाच्या वासानं उंदीर आत येत होते, बा. तांबं उघडं पडलं होतं, लोखंडापासून दोन बोटांवर. तिला मी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली. मग सगळ्या बांधलेल्या चिंध्या सोडल्या, मोजून सोडल्या, बॅटरीची तार जोडली आणि बाईंना बोलावलं. त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात लागलं इंजिन. बाईंनी माझ्याकडं पाहून फक्त मान हलवली. आयुष्यात पुढं मला बरंच काही मिळालं, नर्सबाई म्हणून मान मिळाला, पण त्या मान हलवण्याएवढं गोड काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू यायचा होतास. मी भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, आणि माझं गाठोडं बांधून दाराजवळ ठेवलं. घाबरून नाही ठेवलं. तू मला घराबाहेर काढण्याआधी मी तयार आहे हे तुला दिसावं म्हणून ठेवलं. सासरी मात्र मी जाणार नव्हते. नदीत गेले असते पण तिथं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. तू आलास, पायताण काढायच्या आधीच गाडीकडं गेलास. घासलेटाचा वास आला असेल. बॉनेट उचललंस. एक बोट इंजिनावरून फिरवलंस, बोट पाहिलंस. चिकटपट्टीची तार पाहिलीस, पट्टीचं टोक सोडून आत पाहिलंस आणि पुन्हा नीट दाबून लावलंस. मग दारात आलास. गाठोड्याकडं पाहिलंस. माझ्याकडं पाहिलं नाहीस.

"भाकर टाकली काय?"

"टाकली."

"मंग वाढ."

तू जेवलास. हात धुताना म्हणालास, "आता तेल गळते का नाही ते पाहू. गळलं त मी बोललो होतो ते ध्यानात ठेवजो." गाठोडं दाराजवळच राहिलं. तू ते उचलून आत ठेवलं नाहीस, आणि मीही ठेवलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपण दोघं एकाच सुंभाचे.

इथपर्यंतची गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल. नवीन नर्सांना, भावाच्या सुनेला, दवाखान्यात तुझ्यानंतर आलेल्या ड्रायव्हरला तर पहिल्याच दिवशी. त्याला सांगितलं की इंजिन धुणं हे या दवाखान्यात बाईमाणसाचं काम आहे, तू फक्त चाक धर. गोष्ट मी नेहमी "मंग वाढ" वर संपवते आणि सगळे हसतात. पुढल्या पोळ्याचंही सांगते कधीकधी. त्या संध्याकाळी तू वाटीत तूप घेतलंच नाहीस, नुसती कोरडी हळद घेतलीस, बॉनेट न उघडता बाहेरूनच बोटं टेकवलीस आणि आवतन दिलंस. त्यानंतर सहा पोळे तू पाहिलेस, सहाही वेळा बाहेरून. म्हणजे मी जिंकले, असं मी सांगते. आणि खरंच जिंकले. तूप आणि कापूस एका जागी ठेवू नये हे आजही मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, तुझ्याही.

पण मधलं मी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी तेल गळालं. तू म्हणाला होतास तसंच. मी पाणी आणायला उठले, उजाडत होतं, आणि गाडीखाली पैशाएवढा काळा ठिपका. दोन लोखंडांच्या मधलं पॅकिंग जुनं झालेलं, इतकी वर्षं मळानंच त्याला धरून ठेवलं होतं. तुझं बरोबर होतं. गाठोडं अजून दाराजवळ होतं. मी चुलीतली राख आणली, ठिपक्यावर टाकली, झाडून काढली आणि वर पुन्हा थोडी पसरली. तेल मोजायची सळी काढून पाहिली, खूण थोडी खाली गेली होती. खोलीतल्या डब्यातून औषधाच्या मापानं तेल घेतलं आणि भरलं. रोज असं. तू उठायच्या आधी, रोज. मला वाटायचं, आज नाही तर उद्या हा वाकून पाहील आणि सगळं संपेल.

पंधरा-वीस दिवसांनी एकदा मला ताप होता. जाग आली तर ऊन दारात आलेलं. तशीच धावले. गाडीखाली राख पसरलेली होती. सळी काढली, तेल खुणेला बरोबर. तू उंबऱ्यावर बसून दात घासत होतास, तोंड रस्त्याकडं. म्हणालास, "चहा ठेव." मी स्वतःला सांगितलं की कालचीच राख आहे, काल गळालं नसेल. त्यानंतरही कितीदा तरी मी गेले की आधीच केलेलं असायचं, आणि दर वेळी मी स्वतःला काहीतरी सांगितलं. होळीच्या आधी तू गाडी यवतमाळला मिस्त्रीकडं नेलीस, पॅकिंग बदलून आणलंस. बाईंनी विचारलं काय झालं होतं, तर तू म्हणालास, "काही नाही, जुनं झालतं." त्याच संध्याकाळी मी गाठोडं सोडलं आणि लुगडी खुंटीवर टाकली. तू पाहिलंस.

हे पत्र वहीतच राहील. कुठं टाकणार, आणि टाकलं तरी वाचणार कोण? भांडण मी सोडलेलं नाही, बा. ते बोलणं तू बोलायला नको होतंस, आणि इंजिन मी धुतलं ते बरोबरच केलं, उद्या पुन्हा करेन. फक्त एक गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नीट सांगितली नाही. मला त्या तापाच्या सकाळीच कळलं होतं. मी खाली वाकून ती राख चिमटीत घेतली होती. माझ्या चुलीच्या राखेत कोळशाचे कण असायचे. ही वस्त्रगाळ होती.